टेकडीवरचे इस्पितळ आणि सरकारी कचेरी

गावात नवी विहीर खणायची झाली, तर आपण आधी काय करतो? पाणाड्याला बोलावतो. शेजारच्या विहिरीचे पाणी तुटेल का, ते बघतो. घर बांधायचे झाले, तर सांडपाणी कोणाच्या दारात जाईल, हे शेजारी आधीच विचारतो. न विचारता कुदळ मारली, की भांडण ठरलेलेच.

पण सरकारनेच मोठे काम काढले, तर ही विचारपूस कोणी करायची? कोणाला विचारायचे? अमेरिकेत यासाठी एक कायदा आहे. त्या कायद्याप्रमाणे एका कामाची तपासणी कशी झाली, ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. हकीकत दूरच्या देशाची आहे, पण समजायला अवघड नाही.

वॉशिंग्टन ही अमेरिकेची राजधानी. तेथे पोटोमॅक आणि अनाकोस्टिया या दोन नद्यांचा संगम आहे. अनाकोस्टियाच्या पलीकडे एक टेकडी आहे. टेकडीवर उभे राहिले, की खाली दोन्ही नद्या दिसतात, सगळे शहर दिसते, आणि देशाच्या संसदेचा मोठा पांढरा घुमटही दिसतो. या टेकडीवर एक जुने इस्पितळ आहे. त्याचे नाव सेंट एलिझाबेथ्स.

हे इस्पितळ उभे राहिले ते एका बाईमुळे. तिचे नाव डोरोथिया डिक्स. ती मुळात शाळामास्तरीण. १८४१ साली ती एका तुरुंगात बायकांना शिकवायला गेली. तेथे तिने काय पाहिले? ज्यांच्या मनाला आजार झाला आहे, अशी माणसे चोर-दरोडेखोरांबरोबर कोंडलेली. बाहेर कडाक्याची थंडी, आणि त्यांच्या खोलीत शेकोटीसुद्धा नाही. "यांना थंडी कळत नाही," असे तिला सांगण्यात आले. ही माणसे गुन्हेगार नाहीत, आजारी आहेत, हे ती पुढे गावोगाव सांगत फिरली. मोठ्या पुढाऱ्यांच्या मागे लागली. शेवटी १८५२ साली संसदेने पैसे मंजूर केले, आणि १८५५ साली टेकडीवर पहिले रोगी आले.

जागा मुद्दाम अशी निवडली होती. मोकळी हवा, भरपूर उजेड, दूरवर नजर जाईल असा देखावा, आणि हाताला शेतातले काम मिळाले, तर मन ताळ्यावर येते, असे त्या वेळचे डॉक्टर मानीत. संसदेचा घुमट ज्याने आखला, त्या टॉमस वॉल्टरनेच इस्पितळाची मुख्य इमारतही आखली. लाल विटांची, लांबलचक. भोवती निरनिराळी झाडे लावली. शेती होती, दुभती जनावरे होती.

नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आरंभी त्याचे सरकारी नाव होते, 'वेड्यांचे सरकारी इस्पितळ'. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात मोठी लढाई झाली. जखमी शिपाई याच टेकडीवर आणले. घरी पत्र लिहायचे, तर वर पत्ता काय घालायचा? 'वेड्यांचे इस्पितळ' असे लिहायला त्यांना लाज वाटे. घरची माणसे काय समजतील? म्हणून ते त्या जमिनीचे जुने नाव घालीत, सेंट एलिझाबेथ. हेच नाव लोकांच्या तोंडी बसले, आणि १९१६ साली सरकारनेही ते कायम केले. जे शिपाई बरे झाले नाहीत, ते तेथेच राहिले. टेकडीच्या उतारावर त्यांच्या कबरी आहेत. काळे शिपाई आणि गोरे शिपाई तेथे एकाच जागी पुरलेले आहेत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे इस्पितळ वाढतच गेले. १९५० च्या सुमारास तेथे सात हजारांहून जास्त रोगी होते. मग नवी औषधे निघाली. रोगी घरी राहून बरे होऊ लागले. इस्पितळ ओस पडत चालले. रस्त्याच्या पूर्वेकडचा भाग १९८७ साली शहराकडे गेला, तेथे इस्पितळ चालू राहिले. पश्चिमेकडचा जुना भाग, १७६ एकरांचा, तो मात्र रिकामा झाला. छपरे गळू लागली, भिंतींतून झाडे उगवली. रिकाम्या घराचे काय होते, हे आपण जाणतोच. एवढे खरे, की १९९० साली सरकारने या जागेला 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' ठरवले. त्या देशात जुन्या वास्तूला याहून मोठा मान नाही.

आता दुसरी बाजू बघा. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर मोठा हल्ला झाला. न्यूयॉर्कचे दोन उंच मनोरे पडले, हजारो माणसे मेली. त्यानंतर सरकारने देशाच्या अंतर्गत सुरक्षेसाठी नवे खाते काढले. निरनिराळी बावीस खाती एकत्र करून हे एक खाते झाले. त्याच्या कचेऱ्या राजधानीत आणि आसपास चाळीसहून जास्त ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी आणायच्या, तर मोठी आणि सुरक्षित जागा हवी. सरकारी इमारती सांभाळणाऱ्या खात्याने बोट ठेवले ते या टेकडीवर. जमीन सरकारचीच होती, आणि रिकामी होती.

काम किती मोठे, ते हिशेबाने पाहू. चौदा हजार नोकर येथे बसायचे. कचेऱ्यांची जागा हवी ४५ लाख चौरस फूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार करून पाहा. सुमारे १०३ एकर येतात. सगळे मजले जमिनीवर पसरले, तर १०३ एकर भरतील. मोटारी ठेवायची जागा आणखी निराळी.

येथे तो कायदा आड येतो. 'आड येतो' म्हणजे अडवतो असे नव्हे, हे आधीच सांगतो. हा कायदा १९७० च्या पहिल्या दिवशी लागू झाला. सरकारचे एखादे मोठे काम माणसांवर आणि निसर्गावर मोठा परिणाम करणार असेल, तर आधी परिणाम तपासा, ते लिहून काढा आणि लोकांपुढे ठेवा, असे तो सांगतो. पर्यावरण म्हणजे नुसती झाडे नव्हेत. पाणी, हवा, माती, जुन्या वास्तू, रस्त्यावरची गर्दी, शेजारच्या माणसांचे जगणे, हे सगळे त्यात येते. जुन्या वास्तूंसाठी १९६६ चा आणखी एक कायदा आहे. त्याप्रमाणे जाणकारांशी आणि संस्थांशी सल्लामसलत करावी लागते.

या टेकडीच्या कामाचा कच्चा अहवाल २००७ साली निघाला, आणि पक्का २००८ साली. कच्चा का? तर लोकांनी वाचावा, चुका दाखवाव्यात, हरकती घ्याव्यात म्हणून. त्या वेळच्या नियमाप्रमाणे हरकतीसाठी निदान ४५ दिवस द्यावे लागत. आलेल्या हरकतींना पक्क्या अहवालात उत्तर द्यावे लागे. नुसते दप्तरात बांधून ठेवता येत नसे. अहवालात एकच बेत दाखवूनही चालत नाही. दोन-तीन बेत मांडायचे, आणि 'काहीच केले नाही तर काय होईल' हेही लिहायचे. आम्हांला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. या टेकडीपुरते त्याचे उत्तरही सोपे नव्हते. काहीच केले नाही, तर जुन्या इमारती आपोआपच कोसळत राहणार होत्या.

मग तपासले काय? उतारावर खोदले, तर माती खाली सरकेल का? छपरे आणि डांबरी जागा वाढल्या, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत न मुरता लोंढ्याने नदीत जाईल का? जुनी झाडे किती जातील? चौदा हजार माणसे रोज सकाळी कोणत्या रस्त्याने येतील? नवा रस्ता शेजारच्या राखीव वनातून न्यावा लागेल का? शहरातून टेकडीकडे पाहिले, तर झाडीच्या वर इमारतीच डोके काढतील का? आणि शिपायांच्या कबरींचे काय?

सगळ्यांत अवघड गाठ सुरक्षेची होती. कचेरी सुरक्षित हवी, म्हणजे कुंपण हवे, तेही दुहेरी. रस्त्यापासून इमारत लांब हवी. वाटेल त्याला आत सोडता येत नाही. उलट, ऐतिहासिक जागा ही सगळ्या लोकांची. ती पाहायलाच मिळाली नाही, तर जपली काय आणि न जपली काय! जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थांनी हेच म्हणून कडाडून विरोध केला. एवढे बांधकाम येथे मावतच नाही, ही जागा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या वस्तीची काळजी वेगळी होती. ती वस्ती बहुतेक काळ्या लोकांची आणि गरिबांची. त्यांचा प्रश्न असा, की हे हजारो नोकर आमच्या दुकानांत येतील, आमच्या पोरांना काम मिळेल, की कुंपणाच्या आतच जेवून संध्याकाळी मोटारीत बसून निघून जातील?

कोणी म्हणेल, ज्या खात्याला बांधायचे आहे, त्यानेच अहवाल लिहायचा, म्हणजे विकणाऱ्याच्याच हातात तराजू! हा आक्षेप खरा आहे. पण तराजू चव्हाट्यावर धरावा लागतो, आणि मापात खोट दिसली, तर कोर्टात जाता येते. शिवाय याच अहवालात सरकारनेच लिहून दिले, की या कामाने ऐतिहासिक जागेचे मोठे नुकसान होईल. स्वतःच्या कामाबद्दल असे लिहून देणे सोपे नाही. मात्र नुकसान होईल म्हणून काम सोडा, असे कायदा म्हणत नाही. समजून-उमजून ठरवा, एवढेच म्हणतो. आमच्या मते येथे कायदा थोडा तोकडा पडतो.

तरी बेत होता तसाच राहिला नाही. ४५ लाखांपैकी सुमारे साडेसात लाख चौरस फूट बांधकाम रस्त्यापलीकडच्या पूर्व भागात न्यायचे ठरले. बहुतेक जुन्या इमारती न पाडता, दुरुस्त करून वापरायचे ठरले. समुद्रकिनारा राखणाऱ्या दलाची कचेरी सर्वांत मोठी. ती टेकडीच्या उतारात पायऱ्या-पायऱ्यांनी बसवली. मजले अकरा, पण बरेचसे उतारात दडलेले. छपरावर माती घालून गवत-झाडे लावली. आपल्याकडे धाब्याच्या घरावर पावसाळ्यात गवत उगवते, तसेच हे, पण मुद्दाम केलेले. पावसाचे पाणी तेथे मुरते, लोंढा कमी होतो.

आपल्या देशातही अशी तपासणी आहे. १९९४ साली पहिला हुकूम निघाला, त्याच्या जागी २००६ साली नवा आला. मोठी खाण, मोठे धरण, मोठा कारखाना यायचा असेल, तर बहुधा जनसुनावणी घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते, त्यांत एक पत्र आपल्या भाषेतले असते. अहवालाचा सारांश आपल्या भाषेत करावा लागतो. तो कलेक्टर कचेरीत आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. सुनावणीच्या शेवटी, कोण काय बोलले, त्याचा गोषवारा आपल्या भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. तो नीट ऐकावा. आपले म्हणणे त्यात आले नसेल, तर तेथेच उठून सांगावे. आणि बोलण्याबरोबर लेखी अर्जही द्यावा, त्याची पोच घ्यावी. नुसत्या इमारतींच्या कामाला मात्र आपल्याकडे ही सुनावणी लागत नाही. म्हणजे टेकडीवरच्या कचेरीसारखे काम येथे निघाले, तर या हुकुमाप्रमाणे गावाला सुनावणीत बोलावणे येणार नाही.

टेकडीवरच्या बेताला जानेवारी २००९ मध्ये राजधानीच्या नियोजन मंडळाने मंजुरी दिली. किनारा दलाची कचेरी २०१३ साली सुरू झाली. डोरोथिया डिक्सच्या खटपटीने झालेली ती लाल विटांची मुख्य इमारत बाहेरून तशीच राखून आतून नवी केली, आणि २०१९ साली खात्याचे वरिष्ठ अधिकारी तेथे बसू लागले. शिपायांच्या कबरी कोणी हलवल्या नाहीत. त्या कुंपणाच्या आत आल्या. पुढे काही वर्षे जुन्या वास्तू जपणारी एक संस्था ठरावीक शनिवारी लोकांना आत नेऊन जागा दाखवीत असे. त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागे.