व्हिडिओ येण्याआधीच आलेला राग

मे 2012 मध्ये अनिता सार्कीसियन या माध्यम-समीक्षक बाईंनी किकस्टार्टरवर लोकांकडे 6,000 डॉलर मागितले. व्हिडिओ गेममध्ये बायका कशा रंगवल्या जातात, यावर त्यांना एक मालिका करायची होती. पहिला भाग मार्च 2013 मध्ये आला. त्याच्या कितीतरी आधी शिव्या आल्या, धमक्या आल्या, आणि त्यांच्या फोटोवर क्लिक करत गेलं की चेहरा काळानिळा होत जाणारा एक ‘गेम’ही आला. (पैसे मात्र दीड लाख डॉलरहून जास्त जमले!) म्हणजे टीका अजून ऐकूच आलेली नव्हती आणि तिला उत्तर देणारे रांगेत उभे होते. हे घडतं कसं?

‘चोराच्या मनात चांदणं’ म्हणून विषय मिटवता येतो, पण ते फार सोपं झालं. जर्मनीत आठशेहून अधिक लोकांचा तीन वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. गेम जास्त खेळल्यामुळे बायकांबद्दलची मतं अधिक बुरसटलेली होतात, असं काही त्यात आढळलं नाही. खरा गमतीचा भाग वेगळाच आहे. सार्कीसियनबाईही खेळणाऱ्याला आरोपी करत नव्हत्या. एखादी गोष्ट मनापासून आवडावी आणि तिच्यातलं खटकणारंही दिसावं, हे एकाच वेळी जमतं, असं त्या स्वतःच सांगत होत्या. बोलणं चाललं होतं खेळाबद्दल, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येत होतं स्वतःबद्दल.

हा खेळ सुरुवातीला ‘मुलांचा’ नव्हताच, हे कळल्यावर तर आणखी नवल वाटतं. जपानी आर्केडमध्ये परग्रहवासीयांवर गोळ्या झाडणाऱ्या पुरुषांची गर्दी पाहून तोरू इवातानी यांनी मुद्दाम मुलींनाही आवडेल असा, खाण्याभोवती फिरणारा ‘पॅक-मॅन’ 1980 मध्ये आणला. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स यांचा ‘मिस्ट्री हाउस’ आला, 1982 मध्ये कॅरॉल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’. मग 1983 मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. दुकानदार गेमच्या नावानं कानाला खडा लावू लागले, तेव्हा निन्टेन्डोनं आपला कन्सोल खेळणं म्हणून विकायला काढला. आता खेळण्यांच्या दुकानात मुलांचं कपाट वेगळं, मुलींचं वेगळं. कन्सोल मुलांच्या कपाटात गेला, जाहिराती त्याच्यामागोमाग गेल्या, आणि एका पिढीला वाटू लागलं की हे असंच होतं पहिल्यापासून.

त्या पिढीनं पुढे बरंच सोसलंही. 1993 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या हिंसक गेमवरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ‘डूम’ या गेमकडे बोट दाखवलं गेलं. ‘गेममुळे पोरं खुनी होतात’ हे ऐकत ही मुलं मोठी झाली. अखेर जून 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की व्हिडिओ गेमलाही पुस्तकासारखंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. या विजयाला वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच सार्कीसियनबाईंचं आवाहन आलं. मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची किल्ली या तारखांत आहे. समीक्षा नवी होती, पण कानांना ती जुन्याच खटल्याची पुढची तारीख वाटली. अर्थात, यानं धमक्यांचं समर्थन होत नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये यूटामधल्या विद्यापीठात त्यांच्या व्याख्यानावर सामूहिक गोळीबार करण्याची धमकी आली आणि त्यांना ते रद्द करावं लागलं.

मनाचं हे वळण प्रयोगांतही सापडतं. पीटर नाउरोथ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की जे स्वतःला अभिमानानं गेमर म्हणवतात, त्यांना हिंसक गेमचे तोटे सांगणारं संशोधनच निकृष्ट वाटतं. पाटी जितकी घट्ट, तितका राग मोठा. ही पाटी कुणाच्या दारावर आहे, तेही पाहण्यासारखं. प्यू संस्थेच्या 2015 च्या पाहणीत अमेरिकेतले निम्मे पुरुष आणि जवळपास निम्म्या बायका गेम खेळत होत्या, पण स्वतःला गेमर म्हणवणारे पुरुष 15 टक्के, बायका फक्त 6.

तरीही सगळा राग जुन्या जखमांच्या खात्यावर टाकता येत नाही. ‘हेलो 3’ या गेमवरचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी रेकॉर्ड केलेली तीच साधी वाक्यं कधी पुरुषी, कधी बाईच्या आवाजात ऐकवली गेली. बाईच्या आवाजावर सर्वांत जास्त तुटून पडले ते कच्चे खेळाडू, त्यातही खेळ बिघडत असताना. गुणतक्त्यात वर असलेले तिच्याशी बरे वागले. आणि ती विरुद्ध संघातली नव्हती, त्यांच्याच संघातली होती. पुरुषी आवाज आला की हेच कच्चे गडी नमतं घेऊन बोलत.