भुतांचा चित्रकार

परभणी जिल्ह्यातील बोरी असो की मराठवाड्यातील दुसरे एखादे गाव असो, रात्रीची जेवणे उरकली म्हणजे मुले आजीभोवती जमतात आणि भुताची गोष्ट मागतात. मग पिंपळावरचा मुंजा येतो. वाटसरूस रात्रभर रानात फिरविणारा चकवा येतो. मुले अंग चोरून एकमेकांस बिलगतात. परंतु 'गोष्ट पुरे' असे कोणीच म्हणत नाही. ज्याचे भय वाटते, त्याचीच गोडी कशी वाटावी?

जपानमधील एका चित्रकारास ही गोडी लहानपणीच लागली. शिगेरू मिझुकी यांचा जन्म १९२२ साली झाला. साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावी त्यांचे बालपण गेले. तेथे एक वृद्धा त्यांना भुतांच्या गोष्टी सांगत असे. छतावर डाग दिसला, की रात्री लांब जिभेचे भूत येऊन छत चाटून गेले, असे ती सांगे. साधा डाग, पण बालमनाला तो केवढे नवल वाटे!

पुढे दुसरे महायुद्ध आले. मिझुकी यांना सैनिक म्हणून दूरच्या न्यू ब्रिटन बेटावर जावे लागले. तेथे हिवतापाने त्यांना ग्रासले आणि बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. मायदेशी परतल्यावर त्यांनी उजव्या हाताने चित्रे काढून उपजीविका चालविली. आरंभी ती चित्रे रस्त्यावर मुलांना दाखवून गोष्टी सांगण्याच्या कामी येत. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी अशाच रीतीने चित्रे दाखवून कथा सांगतात. नंतर मिझुकी छापील चित्रकथांकडे वळले. या चित्रकथांना जपानीत 'मंगा' म्हणतात.

त्यांचा नायक कितारो हा स्मशानात जन्मलेला भूतवंशातील मुलगा होय. त्याच्या वडिलांचा केवळ एक डोळा उरला आहे. तो डोळा बोलतो आणि वाडग्यातील ऊन पाण्यात स्नानही करतो! कितारो माणसे व भुते यांच्यातील तंटे मिटवितो.

जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात. भयंकर चित्र चित्रकार पुष्कळदा पुढील पानाच्या आरंभी ठेवतो. वाचकाची छाती धडधडते, पानावरचे बोट क्षणभर थबकते. पान उलटावे की पुस्तक मिटावे, हे मात्र त्याच्याच हाती असते. आजीच्या कुशीत बसलेल्या मुलाचेही तसेच असते. भय खरे, पण संकट खोटे. म्हणून त्या भयाची गोडी वाटते. भिऊनही आपण सुखरूप आहोत, हे कळले की मन थोडे धीट होते.

खऱ्या संकटाचे भय मिझुकी यांनी युद्धात अनुभवले होते. १९७३ साली त्यांनी त्याचीही चित्रकथा लिहिली. तीत भयंकर आहे ते भूत नव्हे, तर सैनिकांना व्यर्थ मरणाकडे धाडणारी माणसांचीच आज्ञा होय. भुताचे पुस्तक मिटता येते. रणांगणावरील सैनिकास ते भय मिटून ठेवता येत नाही.

२०१५ साली मिझुकी निवर्तले. साकाइमिनातोच्या एका रस्त्यावर त्यांच्या भुतांचे शंभराहून अधिक कांस्यपुतळे उभे आहेत. ज्यांना पाहून पळावयाचे, त्या भुतांना पाहण्यासाठी लोक दूरदूरून तेथे येतात.