पंचकल्याणी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाचीला बघायला मंडळी आली, चहा-पोहे झाले, ‘कळवतो’ म्हणून गेली. चौथ्या दिवशी मध्यस्थ बाईंचा फोन आला. मुलगी शिकलेली आहे, दिसायला छान आहे, पण... त्या ‘पण’च्या पुढचं आम्हाला पाठ झालंय. भाचीच्या उजव्या घोट्यावर रुपयाएवढा कोडाचा डाग आहे. पाया पडताना तो कुणाच्या तरी नजरेला पडला. बाईंनी वर हेही ऐकवलं, “त्यांच्या आजी म्हणाल्या, पांढऱ्या पायाची सून नको.”

मैत्रिणींनो, हा शब्द आमच्या घरात नवा नाही. माझ्या आत्याचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत तिचे सासरे गेले. आत्याचे पाय चांगले सावळे होते, तरी ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरली. माहेरी परत आली ती कायमची. आमच्या अमळनेरच्या घरात वाती वळत, पापड लाटत म्हातारी झाली. माझी आजी तेवढी म्हणायची, “तिना काय दोष शे वं?” पण आजीचं ऐकतो कोण!

फोननंतर घरात सुतक आल्यासारखं झालं. ताई बोलेना, भाची जेवेना. दत्तजयंती तोंडावर होती. म्हटलं, चल, सारंगखेड्याला जाऊन येऊ. अमळनेरहून गाडीनं दोंडाईचा, तिथून काळी-पिवळीत बसून तापीचा पूल ओलांडला की यात्रा. सारंगखेडा १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. लहानपणी वडील आम्हाला इथे आणायचे. एकमुखी दत्ताचं दर्शन, पाळणा, बांगड्या आणि परत. घोडेबाजाराकडे मात्र कधी नेलं नाही. तिकडे बायकांचं काय काम?

भाची मात्र दर्शन झाल्याबरोबर सरळ तिकडेच चालायला लागली. तिचं एम.एस्सी. झालंय, प्राणिशास्त्रात. मी आपली पदर सावरत मागे.

काय तो बाजार! कानांची टोकं एकमेकांना भिडतील असे मारवाडी घोडे, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा. गिऱ्हाईक येतं, घोड्याचे ओठ उचलून दात बघतं, खूर उचलतं, चालवून बघतं. मग अंगावरचे भोवरे. गळ्याशी देवमण असला की किंमत वाढते, भोवरा भलत्या जागी असला की पडते. मला हसू आलं. आपल्याकडे मुलीच्या डोक्यावर दोन भोवरे दिसले तरी आयाबाया कुजबुजतातच की! सगळा प्रकार ओळखीचा वाटला. घोडीला पोहे करून आणावे लागत नाहीत, एवढंच.

लाल फेट्यातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे एक तपकिरी घोडी होती. चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. म्हणाला, “पंचकल्याणी है, बहनजी. घर में लछमी लाएगी.” आणि लाखांतली किंमत सांगितली. भाची एवढ्या मोठ्यानं हसली की आजूबाजूचे वळून बघायला लागले. “मावशी, हिचे चार पाय पांढरे तर ही लक्ष्मी. माझा एकच, तोही रुपयाएवढा!”

मी काय बोलणार?

तिनं त्या चाचांना विचारलं, आधी काय बघायचं? ते म्हणाले, “पहले पीठ, फिर मिजाज. रंग बाद में.” भाचीचे डोळे चमकले. “अहो, डीएनएपण हेच सांगतो!”

नदीकाठी बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खाता खाता तिनं मला समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

जुन्या हाडांत आणि दातांत डीएनए हजारो वर्षं तग धरतो. कानाच्या आतलं हाड दगडासारखं टणक असतं, त्यात तो जास्त टिकतो. त्याची चिमूटभर पूड घ्यायची आणि त्यातली अक्षरं वाचायची. पूर्वी समज असा होता, की कझाकस्तानातल्या बोताईच्या लोकांनी साडेपाच हजार वर्षांपूर्वी घोडा माणसाळवला आणि आजचे घोडे त्यांचेच वंशज. २०१८ मध्ये कळलं, की तसं नाही. बोताईच्या घोड्यांचं नातं निघालं मंगोलियातल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यांशी. मग आपल्या टांग्याचे, वरातीचे घोडे कुठले? फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या लुडोविक ऑर्लांडो यांच्या चमूनं २०२१ मध्ये २७३ प्राचीन घोड्यांचा डीएनए मांडून दाखवला. माहेर सापडलं रशियात, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाच्या गवताळ मुलखात. तिथून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी हे घोडे निघाले आणि काही शतकांत दूरदूर पसरले.

आणि त्यांच्यात निवडलं काय गेलं? २०२५ च्या अभ्यासात २६६ खुणा तपासल्या. सगळ्यात आधीच्यांपैकी एक दिसली ती झेडएफपीएम१ या जनुकात, सुमारे ५००० वर्षांपूर्वीची. उंदरांमध्ये हे जनुक स्वभावाशी जोडलेलं आहे. म्हणजे आधी शांत घोडा निवडला. मग अडीचशे वर्षांनी जीएसडीएमसी या जनुकाची निवड जोरात सुरू झाली. त्याचा संबंध पाठीच्या कण्याशी, ताकदीशी, अंगाच्या ठेवणीशी. स्वाराला पेलणारी पाठ! (नावं अवघड आहेत. मी भाकरीच्या कागदावर लिहून घेतली.)

“चाचांचा क्रम तेवढा उलटा झाला,” भाची म्हणाली.

एक गोष्ट मात्र ऐकून घास घशात अडकला. २०२४ मध्ये ४७५ प्राचीन घोड्यांच्या अभ्यासात दिसलं, की ४२०० वर्षांपूर्वीच्या सुमाराला घोड्यांच्या दोन पिढ्यांमधलं अंतर जवळपास निम्म्यावर आलं. माणसाला घोडे भराभर हवे होते, म्हणजे घोड्या लवकर आई व्हायला लागल्या. घोडीचं गाभणपण अकरा महिन्यांचं. मला आजी आठवली. चौदाव्या वर्षी पहिलं बाळंतपण.

दुसरी गंमत ऐका. बाजारात जो तो ‘अमक्या घोड्याचा बच्चा’ एवढंच सांगत होता, आईचं नाव क्वचितच. पण डीएनएत बापाकडून येणारा वाय गुणसूत्राचा धागा जगभरच्या घोड्यांत जवळजवळ एकसारखा आहे, मोजक्याच नरांचा. आईकडून येणारे धागे मात्र नाना तऱ्हेचे. वेगवेगळेपण टिकवलं ते आयांनी, आणि नाव बापाचं!

आपल्याकडे घोडा उशिरा आला. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला तांब्या-काशाचा एक सुंदर रथ सापडला, ४५ सेंटीमीटर लांबीचा. त्याला घोडे नाहीत, बैल जुंपलेत. सारंगखेड्याजवळच्या प्रकाशाला १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं, तिथेही तापीकाठी दायमाबादसारखीच जुनी वस्ती होती. नंतरच्या काळात नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत मात्र घोडे पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले.

“आणि ते पांढरे पाय?” मी विचारलंच.

“कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. घोडीच्या पायात त्या जन्मापासून नाहीत. माझ्या घोट्यावरच्या नंतर गेल्या. ना तिच्यानं लक्ष्मी येते, ना माझ्यानं कुणी मरतं. आणि कोड लागतही नाही कुणाला, हे त्या आजींना सांगायला हवं होतं.” सांगताना तिचा आवाज जरा कापला. मी भाकरीचा तुकडा उगाच मोडत बसले.

परतताना तिनं पैंजण घेतले आणि तिथेच पायात घातले. घरी ताईनं तिच्यासाठी कातडीच्या रंगाचे मोजे आणून ठेवले होते. पैंजण बघून ताईनं मोजे कपाटात टाकले, बोलली काहीच नाही.

या रविवारी साक्रीची मंडळी येणार आहेत. डागाचं फोनवरच सांगून टाका, असं भाचीनं बजावलंय. मला हळूच म्हणाली, “पाठ राहू दे मावशी, मिजाज मात्र मी विचारणार आहे.”