कार अलार्म बसवताय? दाराच्या लॉकची वायर आधी मीटरने तपासा

गाडीला बाहेरून आणलेला अलार्म बसवणं तसं फार अवघड नाही. बॅटरीचा प्लस, बॉडीचं अर्थिंग, इग्निशन, सायरन, इंडिकेटर, एवढं जोडून होतं. घोडं अडतं ते दाराच्या लॉकपाशी. व्हिडिओत बघून रंगाला रंग जोडला जातो, रिमोट दाबला की सायरन वाजतो, पण दारं ढिम्म! नाहीतर फट्कन फ्यूज उडतो. किटमधल्या वायरचे रंग आणि गाडीतल्या वायरचे रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे आधी लक्षात घ्या.

खरी गोम अशी आहे की लॉकला 'बंद हो' असं सांगायची पद्धत प्रत्येक गाडीत वेगळी असते. काही गाड्यांत स्विच दाबला की वायरला अर्थिंग मिळतं, याला निगेटिव्ह ट्रिगर म्हणतात. काहींत १२ व्होल्ट मिळतात, तो पॉझिटिव्ह ट्रिगर. तिसरा प्रकार रिव्हर्स पोलॅरिटीचा आणि डोकेदुखी तोच. यात स्विचमधून निघालेल्या दोन वायर थेट दारातल्या मोटरला जातात. एरवी दोन्ही अर्थिंगला टेकलेल्या असतात. लॉक करताना एकीवर १२ व्होल्ट येतात, अनलॉक करताना दुसरीवर.

आता मीटर लावून बघा. स्विच दाबल्यावर १२ व्होल्टचं शून्य झालं तर निगेटिव्ह. पण शून्याचे १२ झाले तर लगेच 'पॉझिटिव्ह' म्हणून मोकळे होऊ नका, कारण रिव्हर्स पोलॅरिटीतही मीटर हेच दाखवतो. अशा वेळी मीटर ओहमवर घ्या आणि स्विचला हात न लावता वायर ते बॉडी मोजा. जवळजवळ शून्य ओहम आले, तर वायर अर्थिंगला टेकलेली आहे, म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी. तिच्यावर तसेच १२ व्होल्ट सोडले तर सरळ शॉर्ट सर्किट! वायरला योग्य फ्यूज नसेल तर दाराच्या आत इन्सुलेशन जळू शकतं.

इथे दोन्ही वायर मधोमध कापाव्याच लागतात. प्रत्येकीला एक रिले: स्विचकडचं टोक एनसीला, मोटरकडचं कॉमनला आणि एनओवर फ्यूजमधून आलेले १२ व्होल्ट. मग रिमोट दाबेपर्यंत जुना स्विच पूर्वीसारखाच चालतो. बऱ्याच किटमध्ये हे दोन रिले आतच असतात, सहा वायर बाहेर आलेल्या दिसतात. कुठली कशाची, ते किटच्या डायग्रामवरच बघा.

गाडीला सेंट्रल लॉकिंगच नसेल तर प्रत्येक दारात वेगळी मोटर बसवावी लागते. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरची, बाकी दारांत दोन वायरची.

टेस्ट लॅम्प मात्र वापरू नका. बल्ब करंट ओढतो, नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसत नाही. पिवळ्या कव्हरातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायर बहुतेक एअरबॅगच्या असतात, तिकडे हातच घालायचा नाही. नव्या गाड्यांत लॉकचा संदेश डेटा लाइनवरून जात असेल, तर त्या मॉडेलचं तयार कपलर किट घेणं शहाणपणाचं. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

आणि हो, पहिल्यांदा रिमोट दाबून बघताना काच खाली आणि चावी खिशात!