पोकेमॉनच्या पाच व्याधी

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी वेळोवेळी लिहिले आहे. मी मात्र या वेळी अशा रुग्णांविषयी लिहिणार आहे, ज्यांची नाडी आपल्यापैकी कोणीही पाहिलेली नाही. आपली मुले आणि नातवंडे त्यांना चांगली ओळखतात. हे रुग्ण म्हणजे ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेममधील प्राणी होत.

साटोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून साकारलेला हा खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. खेळाडूला आपल्याबरोबर सहापर्यंत प्राणी बाळगता येतात. लढतीच्या प्रत्येक फेरीत दोन्ही बाजू आपापली चाल निवडतात. सामान्यतः ज्याचा वेग अधिक, त्याची चाल आधी होते. प्रत्येक प्राण्याच्या जीवनशक्तीला एक आकडा असतो. तो शून्यावर आला की प्राणी मूर्च्छित होतो आणि त्याची लढत तेथेच संपते.

प्रतिस्पर्ध्याला प्रहारांनी जेरीस आणता येते, तसेच आजारी पाडूनही नमविता येते. मुख्य व्याधी पाच आहेत : विषबाधा, भाजणे, लकवा, निद्रा आणि गोठणे. एका प्राण्याला एका वेळी यांपैकी एकच व्याधी जडते. एकाच देहात चार-चार विकार घेऊन येणारे रुग्ण रोज तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या प्राण्यांच्या वैद्यांचा हेवाच वाटावा!

२०२२ मध्ये आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या खेळांतील नियम पाहू. साध्या विषबाधेत दर फेरीला पूर्ण जीवनशक्तीचा आठवा हिस्सा नष्ट होतो. तीव्र विषबाधेची चाल निराळी आहे. पहिल्या फेरीत एक सोळांश, दुसऱ्या फेरीत दोन सोळांश, तिसऱ्या फेरीत तीन सोळांश, अशी ती चढत जाते. म्हणजे आरंभी तीव्र विष हे साध्या विषापेक्षा सौम्य भासते. तिसऱ्या फेरीअखेर दोहोंनी केलेली हानी सारखी होते आणि सहाव्या फेरीत, उपचार न झाल्यास, प्राणी कोसळतो. उशिरा येणाऱ्या रुग्णांचा इतिहास ज्यांनी लिहून घेतला आहे, त्यांना ही बेरीज अपरिचित वाटणार नाही. अशा प्राण्याला मैदानातून बाजूला घेतले, तर पुन्हा उतरल्यावर विषाची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. विश्रांतीचे मोल येथेही आहेच.

अन्य व्याधींमध्ये जीवनशक्तीच्या हानीपेक्षा कार्यक्षमतेची हानी अधिक महत्त्वाची ठरते. भाजलेल्या प्राण्याचा दर फेरीला सोळावा हिस्सा जातो. परंतु त्याच्या शारीरिक प्रहाराचा जोर निम्मा होतो, हे त्याचे खरे दुखणे. लकव्याने वेग निम्मा होतो आणि चारांतून एखादी चाल वाया जाण्याचा संभव असतो. निद्रिस्त किंवा गोठलेल्या प्राण्याला त्या व्याधीने इजा मुळीच होत नाही. तो केवळ हतबल होतो, आणि तेवढ्यानेच लढत हातची जाते. निसर्गदत्त प्रतिकारशक्तीही खेळात आहे. अग्निवर्गातील प्राणी भाजत नाही, हिमवर्गातील गोठत नाही, पोलादी प्राण्याला सहसा विष बाधत नाही.

या नियमांचा इतिहासही उद्बोधक आहे. १९९६ च्या खेळात गोठलेला प्राणी आपण होऊन कधीच पूर्ववत होत नसे. औषध द्यावे, अथवा प्रतिस्पर्ध्याच्या अग्निप्रहाराने बर्फ वितळावा, हीच मुख्य आशा. १९९९ मधील दुसऱ्या पिढीपासून दर फेरीला आपोआप सुटका होण्याची शक्यता ठेवण्यात आली. पुढे ती २० टक्के झाली. निद्रा आरंभी सात फेऱ्यांपर्यंत लांबत असे, ती तीनवर आली. २०१६ मध्ये भाजण्याची हानी आठव्या हिश्श्यावरून सोळाव्यावर आणली गेली. २०२२ च्या ‘लेजंड्स : आर्सियस’मध्ये तर गोठण्याच्या जागी हिमदंश आला, ज्यात प्राणी दुर्बल होतो, पण लढत राहतो. माझा तर्क असा की, ज्या आजारात रुग्णाला करण्यासारखे काहीच उरत नाही, तो खेळातसुद्धा कोणाला सोसवत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद सांगतो. या पाचही व्याधी लढत संपली तरी अंगात राहतात. औषध, विशिष्ट फळ अथवा ‘पोकेमॉन सेंटर’ या विनामूल्य रुग्णालयात त्या बऱ्या होतात. याउलट ‘गोंधळ’ नावाची अवस्था लढत संपताच नाहीशी होते. दम्याच्या एका दहा वर्षांच्या रुग्णाने मला एकदा विचारले, “डॉक्टरकाका, माझा आजार विषासारखा आहे की गोंधळासारखा?” त्याची आई संकोचली; पण मुलाचा प्रश्न अचूक होता. हा आजार येथेच संपणार, की माझ्याबरोबर घरी येणार, हेच तो विचारीत होता. मी म्हटले, “बरोबर घरी येणारा आहे; पण रोजचा पंप घेतलास, तर तो तुला खेळू देईल.” त्यावर तो म्हणाला, “म्हणजे पंप हा माझा लेफ्टओव्हर्स.” लेफ्टओव्हर्स ही त्या खेळातील जवळ बाळगण्याची वस्तू. ती दर फेरीला जीवनशक्तीचा सोळावा हिस्सा परत देते. व्याधी मात्र घालवीत नाही. नित्य औषधाचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही रुग्णाकडून ऐकलेले नाही.

दीर्घकालीन आजाराविषयी मुलांशी बोलताना आपण मोठी माणसे “होईल हं बरे” एवढ्यावर वेळ मारून नेतो. मुलांजवळ मात्र त्याहून खरी भाषा आधीच असते. कोणती व्याधी टिकते, कोणती आपोआप ओसरते, काय जवळ बाळगले म्हणजे निभावते, हे त्यांना खेळाने शिकविलेले आहे. हातातील खेळण्याबद्दल मुलाला रागे भरण्यापूर्वी, त्यातील आजारी प्राण्याचे सध्या कसे काय चालले आहे, एवढे त्याला अवश्य विचारावे. आपल्या पुढच्या संभाषणाची वाट तेथूनच सुरू होण्याचा संभव आहे.