स्वामित्वधन घ्यावे की भागीदारी?

समजा, गावच्या एखाद्या लोहाराने कोळप्यात अशी सुधारणा केली, की दोघांचे काम एकट्याने व्हावे. शहरातला कारखानदार येऊन म्हणतो, "हे कोळपे आम्ही काढतो. तुला दर नगामागे दहा रुपये देऊ. नाहीतर कारखान्यात दहा टक्के भाग घे." लोहाराने काय करावे?

पहिल्या रीतीला रॉयल्टी किंवा स्वामित्वधन म्हणतात, दुसरीला भागीदारी. शेतीच्या भाषेत सांगायचे, तर 'दर पोत्यामागे चार पायल्या मला, बी-खताचा खर्च तुझा' ही झाली रॉयल्टी. कसणाऱ्याचा खर्च निघो न निघो, पायल्या द्याव्याच लागतात. 'खर्चही निम्मा आणि उरेल तेही निम्मे' ही झाली भागीदारी.

या दोन्ही रीती एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या, तर वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॅट याची हकीगत पाहावी. त्याने 1769 साली आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले. पण हाती पैसा नव्हता. म्हणून पेटंटाचा दोन-तृतीयांश हिस्सा रोबक नावाच्या कारखानदाराला द्यावा लागला. 1773 साली रोबकचे दिवाळे निघाले आणि तो हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडे आला. 1775 साली पार्लमेंटने पेटंटाची मुदत 1800 पर्यंत वाढवून दिली. बोल्टनने पैसा घातला, वॅटने अक्कल. ही झाली भागीदारी.

खाणवाल्यांशी मात्र या दोघांनी रॉयल्टीचा करार केला. जुन्या यंत्रापेक्षा नव्या यंत्रात जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यांना द्यायचा. कॉर्नवॉलच्या खाणींना कोळसा जहाजाने आणावा लागे, म्हणून तो महाग पडे. त्यामुळे हा सौदा प्रथम सर्वांना गोड वाटला. पुढे तांब्याचे भाव उतरले. खाणी तोट्यात आल्या; पण कोळसा वाचतच होता, म्हणून रॉयल्टी चालूच राहिली. खाणवाले कुरकुरू लागले, काहींनी पैसे अडवले, आणि प्रकरणे कोर्टात गेली. 1799 साली निकाल पेटंटाच्या बाजूने लागला. लगेच पुढच्या वर्षी मुदत संपली, अन् रॉयल्टीचा हक्कही संपला. पण सोहो येथे त्यांनी उभारलेला यंत्रांचा कारखाना राहिला, आणि तो त्यांच्या मुलांनी पुढे चालवला.

यातून काय घ्यायचे? रॉयल्टी विक्रीवर किंवा वापरावर मिळते, नफ्यावर नाही. म्हणून ती लवकर हाती येते. पण तिला मुदत असते. आपल्याकडे पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे चालते. भागीदारीला अशी मुदत नाही. मात्र तीत वाट पाहावी लागते, आणि घातलेला पैसा बुडूही शकतो. कंपनीत नुसता भाग असून भागत नाही. नफा वाटायचा की धंद्यातच ठेवायचा, हे बहुमताने ठरते, आणि दहा टक्केवाल्याचा आवाज तिथे लहान.

शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडावे. पहिल्या वर्षी हजार कोळपी खपली आणि कारखाना तोट्यात गेला, तर लोहाराला रॉयल्टी दहा हजार, भागाचे शून्य. पाचव्या वर्षी पाच हजार कोळपी खपली आणि दहा लाख नफा झाला, तर रॉयल्टी पन्नास हजार. आणि सगळा नफा वाटला, तर भागाचे एक लाख.

तेव्हा ज्याच्या घरी यंदाच्या पेरणीचीच चिंता आहे, त्याने आधी रॉयल्टीकडे पाहावे. ज्याला थांबता येते आणि ज्याचा चालकांवर भरवसा आहे, त्याने भाग मागावा. थोडी रॉयल्टी आणि थोडा भाग, असाही करार होतो. मात्र अवजार बाजारात मांडण्याआधी पेटंटाचा अर्ज करावा. नग कोण मोजणार, वही कोण तपासणार, हेही लिहून घ्यावे. वॅट-बोल्टन यांनी यंत्राचे हेलकावे मोजणारे उपकरण कुलूपबंद पेटीत ठेवले होते. तोंडी शब्दावर त्यांनीही विसंबून राहणे पत्करले नाही.