सेटर काय 'सेट' करतो?

पनवेलहून खोपोलीकडे निघालं की पळस्पे मागे टाकल्यावर कोन गाव लागतं. रसायनीकडे जाणारा सावळ्याचा रस्ता इथूनच फुटतो. एके काळी भाताच्या खाचरांचा हा मुलूख. आता तळोजा आणि रसायनीच्या कारखान्यांना बरीच पोरं जातात. त्यांतला एखादा घरी सांगतो, "मी मोल्डिंगला सेटर आहे." घरची मंडळी मान डोलावतात. पण हा करतो काय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

चकलीचा सोऱ्या आठवा. पीठ आत, वरून दाब, खाली ताटली. प्लॅस्टिकच्या यंत्रात पिठाच्या जागी दाणा असतो. गरम नळीत फिरणारा स्क्रू तो वितळवतो आणि बंद लोखंडी साच्यात जोराने ढकलतो. साच्यातल्या नळ्यांमधून पाणी खेळतं, माल थिजतो, साचा उघडतो आणि बादलीचं झाकण बाहेर पडतं. हायट बंधूंनी १८७२ साली अमेरिकेत अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात स्क्रू नव्हता, दट्ट्या होता. तेव्हा आपला सोऱ्या काही मागासलेला नव्हे!

साचा चेन-पुलीने उचलून यंत्रात बसवणं, त्याचं भोक नळीच्या तोंडाशी जुळवणं, पाण्याच्या नळ्या जोडणं, हे सेटरचं काम. पण खरी परीक्षा पुढेच. झाकण अर्धवट आलं तर कारखान्यात म्हणतात, "माल शॉर्ट येतोय." नवखा गडी घाबरून उष्णता, दाब, वेग असं सगळं एकदम वाढवतो. मग कडेने पापुद्रा सुटतो, त्याला 'फ्लॅश' म्हणतात. आणि कशामुळे काय झालं हे कुणालाच कळत नाही. जाणता सेटर एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि थांबतो. हीटरचा आकडा चढला तरी नळीतला माल अजून आधीच्याच उष्णतेचा असतो. पाच-दहा नग जाऊ द्यावे लागतात. शिक्षकांनो, प्रयोगवहीत आपण मुलांना हेच शिकवतो ना?

आणि आपला पाऊस! नायलॉनचा दाणा मिठासारखा हवेतली ओल ओढतो. तो न वाळवता वापरला तर नगावर चंदेरी रेघा उठतात. तिथे दाब वाढवून उपयोग नाही, दाणाच वाळवायला हवा. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा आषाढात साच्यालाही येतो आणि मालावर डाग पडतात. अशा वेळी साच्याचं पाणी फार गार ठेवून चालत नाही.

आता एक गोष्ट जरा खडसावून सांगतो. साच्यापुढचं दार उघडं असेल तर यंत्र मिटू नये, म्हणून दाराला स्विच असतो. माल लवकर निघावा म्हणून कुठे कुठे तो तार बांधून निकामी करतात. दोन-चार सेकंद वाचतात खरे, पण साचा मिटतो तो कित्येक टनांच्या जोराने; मध्ये सापडलेला हात पूर्वीसारखा होत नाही. यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा असलाच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच सांगितलं होतं. मुलगा नवा कामाला लागला असेल, तर पगाराबरोबर एवढंही विचारा: "दाराचा स्विच चालू आहे ना रे?" नसेल, तर फोरमनला सांगून तो दुरुस्त होईपर्यंत त्याने साच्यात हात घालू नये.